ट्रॅक्टरच्या ब्लॉकमधले टॅपेट बोअर: कधी तपासायचे, कसे मोजायचे, कसे वाचवायचे

हरभरा-गहू निघाला, तूर खळ्यातून घरी आली की वऱ्हाडातल्या गॅरेजांत इंजिन उघडायचा हंगाम सुरू होतो. मृग लागायच्या आत ट्रॅक्टर रोटाव्हेटरला जुंपायचा असतो, म्हणून जो तो घाईत. त्यात एक तक्रार दर उन्हाळ्यात ठरलेली: "भाऊ, इंजिनात टक-टक आवाज येऊन रायला. टॅपेट तेवढं टाईट करून द्या." टॅपेट सेट होतं, आवाज जातो, काही दिवसांत परत येतो. पुन्हा सेटिंग. मग कोणीतरी नवा कॅमशाफ्ट टाकायला सांगतं, आणि एका हंगामात त्या नव्या कॅमचाही एखादा लोब, म्हणजे टॅपेटला ढकलणारा उंचवटा, घासून बोथट होतो.

टॅपेट म्हणजे कॅम आणि पुश रॉड यांच्या मधला भाग. अशा वेळी ज्या भोकात ते वर-खाली होतं, त्या ब्लॉकमधल्या बोअरकडे कोणी पाहिलेलं नसतं. बोअरवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा, हे खरं. पण ब्लॉक उघडा असताना तो मोजल्याशिवाय इंजिन बांधू नये, असं माझं ठाम मत आहे. कारण नंतर तिथवर पोचायचं म्हणजे पुन्हा अख्खं इंजिन खाली.

कोणत्या इंजिनासाठी हे लागू

ज्यात कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये आहे आणि टॅपेट, पुश रॉड, रॉकर अशा साखळीतून व्हॉल्व्ह उघडतो, ती सगळी इंजिनं. म्हणजे आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर, जुने ट्रक, थ्रेशरवरची आणि विहिरीवरची डिझेल इंजिनं. लिस्टर पद्धतीच्या जुन्या एक सिलिंडरच्या इंजिनात टॅपेटचं गाईड वेगळं असून ते बाहेरून बसवलेलं असतं. ते झिजलं तर गाईड बदलायचं, ब्लॉकला हात लावायचं कारण नाही. ज्यांच्या टॅपेटला खाली रोलर आहे, त्यांना फिरू न देण्याची सोय असते. खाली टॅपेट फिरण्याविषयी जे लिहिलं आहे ते फक्त सपाट बुडाच्या टॅपेटसाठी.

बोअर झिजला की कॅम का जातो

सपाट टॅपेटचं बूड खरं तर सपाट नसतं, मध्ये किंचित फुगीर असतं. दोन नवी टॅपेट बुडाला बूड लावून धरली की ती डुलतात, तेवढ्यावरून हे कळतं. कॅमचा लोब बुडाच्या मध्यावर न टेकता जरा बाजूला टेकतो, आणि बऱ्याच इंजिनांत लोबलाही काही मिनिटांचा, म्हणजे अंशाच्या दहाव्या हिश्शाएवढा उतार दिलेला असतो. यामुळे कॅम फिरताना टॅपेट स्वतःभोवतीही फिरत राहतं आणि झीज सगळ्या बुडावर वाटली जाते.

आता बोअर ढिला झाला असं धरा. बोअरची उंची ४० मिमी आणि क्लिअरन्स, म्हणजे टॅपेट आणि बोअरमधली मोकळी जागा, ०.२ मिमी झाला, तर टॅपेट सुमारे १७ मिनिटं कलू शकतं. लोबला दिलेल्या उताराच्या दुप्पट-तिप्पट कल झाला की ती सगळी योजना बिघडते. बुडाची कड लोबच्या काठावर चालते, फिरणं थांबतं, आणि कॅमच्या कडक थराला सोलून काढायला फार वेळ लागत नाही. उलट बाजूने, बोअरमध्ये गंज किंवा काजळीचा चिकट थर बसून टॅपेट जखडलं तरी परिणाम तोच: फिरणं बंद, लोब खलास.

इथे एक बारकाई आहे आणि पुढची सगळी मोजणी तिच्यावर चालते. कॅम टॅपेटला ढकलतो तो आपल्या फिरण्याच्या दिशेने, म्हणजे कॅमशाफ्टला आडवा. म्हणून बोअरची नेहमीची झीज आडव्या दिशेला आणि खालच्या तोंडाशी जास्त दिसते. ती थोडी असली तर आवाज वाढतो, पण लोबवरची टेकण्याची रेषा फारशी बिघडत नाही. कॅमशाफ्टच्या लांबीच्या दिशेने बोअर झिजला असेल, तर मात्र टॅपेट लोबच्या काठाकडे कलतं. आकडा तोच, पण नुकसान कितीतरी जास्त.

आधी बाकीच्यांची चौकशी

इंजिन उघडायच्या आधी वरून जेवढं कळतं तेवढं कळून घ्यावं. टॅपेटचा आवाज क्रँकच्या निम्म्या वेगाने येतो, कारण कॅम निम्म्या वेगाने फिरतो. आयडलला तो एकेक करून मोजता येईल इतका सावकाश ऐकू येतो. बेअरिंगचा ठोका यापेक्षा जड असतो आणि लोड दिल्यावर बदलतो.

रॉकर कव्हर काढा. रॉकरच्या टोकाला व्हॉल्व्हच्या दांडीने खड्डा पाडला असेल तर फिलर गेज खोटं बोलतं: पाती खड्ड्यावरून पूल टाकून जाते आणि रॉकर-व्हॉल्व्हमधला प्रत्यक्ष गॅप जास्तच राहतो. रॉकर शाफ्ट खालच्या बाजूने झिजलाय का, बोटाने चाचपून पाहा. पुश रॉड काचेवर लोटून बघा, वाकडा असेल तर उड्या मारत जाईल. नंतर पुश रॉडच्या डोक्यावर डायल गेज लावून क्रँक हाताने फिरवा आणि प्रत्येक लोबची उचल लिहून घ्या. इनलेटची इनलेटशी, एक्झॉस्टची एक्झॉस्टशी तुलना करा. एखादी उचल बाकीच्यांपेक्षा पाव मिलिमीटरने कमी आली, तर त्या लोबखाली आणि त्याच्या बोअरमध्ये गोष्ट लपलेली आहे.

ऑईल प्रेशर कमी आलं म्हणून टॅपेट बदलायला सांगणारेही भेटतात. हायड्रॉलिक टॅपेट असलेल्या किंवा टॅपेटला मुख्य गॅलरीतून (ब्लॉकमधल्या ऑईलच्या मुख्य वाटेतून) ऑईल जाणाऱ्या इंजिनात त्यात तथ्य असू शकतं. पण आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांत टॅपेटला ऑईल मिळतं ते रॉकरवरून पुश रॉडच्या वाटेने खाली उतरणारं आणि क्रँकने उडवलेलं. तिथे बोअर कितीही झिजला तरी प्रेशर पडत नाही. प्रेशरचा शोध बेअरिंग आणि पंपापाशीच घ्यावा.

टॅपेट बाहेर काढणं

दोन प्रकार असतात. नळीसारखं, वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचं टॅपेट हेड काढल्यावर वरून ओढून निघतं. त्यासाठी चुंबक पुरतो. दुसरं छत्रीसारखं, ज्याचं बूड दांडीपेक्षा मोठं असतं. ते खालूनच निघतं, म्हणजे चेंबर (इंजिनाच्या बुडाचं ऑईलचं भांडं), टायमिंग कव्हर आणि कॅमशाफ्ट आधी काढावे लागतात. ट्रॅक्टरचं इंजिन हाच चासीचा भाग असतो, त्यामुळे ट्रॅक्टर मधून दोन भाग करून, ब्लॉक उलटा करून हे काम करणं सगळ्यात सोयीचं. उलट्या ब्लॉकमध्ये टॅपेट आपोआप कॅमपासून दूर राहतात आणि कॅम सरळ बाहेर येतो.

ब्लॉक उलटा करणं शक्य नसेल, जसं ट्रकमध्ये बऱ्याचदा नसतं, तर प्रत्येक पुश रॉडच्या भोकातून लाकडी गोल काठी टॅपेटमध्ये घट्ट बसवायची, टॅपेट वर उचलायचं आणि शेजारच्या दोन काठ्या सायकलच्या ट्यूबच्या रबराने एकमेकींना बांधायच्या. काठी कोरड्या, न सोलणाऱ्या लाकडाची हवी. ढलपी आत पडली तर ती शोधत बसावं लागतं.

काढलेली टॅपेट अंड्यांच्या ट्रेमध्ये नंबरवारीने ठेवा. ही शिस्त साधी आहे पण तिच्याशिवाय पुढचं सगळं व्यर्थ, कारण टॅपेटचं बूड आणि त्याचा बोअर एकमेकांची साक्ष देतात. मेकॅनिकांच्या हाताखालच्या पोरांना धुवायला दिलं की ती सगळी एका टोपलीत येतात, म्हणून धुणं स्वतः करावं.

आधी बूड वाचा, मग बोअर

टॅपेटचं बूड रॉकेलने पुसून उजेडात धरा. गोल-गोल, एकात एक वर्तुळं दिसली तर टॅपेट फिरत होतं. बोअर बहुधा ठीक आहे. बुडावरून एकच सरळ पट्टा गेला असेल तर टॅपेट फिरत नव्हतं. पट्टा एका कडेला जास्त खोल असेल तर ते कललेलं चालत होतं. बारीक खड्डे पडले असतील तर टॅपेट गेलंच, त्याला पॉलिश करून परत घालण्यात अर्थ नाही. दांडीवर एका बाजूला वर आणि समोरच्या बाजूला खाली चकाकी दिसली, तर बोअरमध्ये ते तिरकं घासत होतं.

आता बोअर. धुण्यासाठी डिझेल किंवा रॉकेल आणि नायलॉनचा बाटलीचा ब्रश. कॉटन वेस्ट वापरू नका. कापसाचा मुलूख असला तरी तो धागा बोअरच्या कडेला अडकून राहतो आणि पुढे ऑईलच्या जाळीवर जाऊन बसतो. धागे न सुटणारं जुनं मलमलचं फडकं बरं. टॉर्च खालून लावा आणि वरून पाहा, मग उलट.

काय दिसतं त्यावर बरंच ठरतं. तपकिरी, काचेसारखा थर म्हणजे जळलेल्या ऑईलचं वार्निश. उभे चरे म्हणजे धूळ किंवा मोडलेल्या भागाचा कण आत गेला होता. कोरडवाहू रानात एअर क्लीनरकडे दुर्लक्ष झालेल्या इंजिनात हे हमखास. ठिपक्या-ठिपक्यांचा गंज म्हणजे इंजिन हेड काढून पावसाळाभर टिनाच्या शेडमध्ये पडून होतं, किंवा हेडच्या पॅकिंगमधून पाणी ऑईलमध्ये जात होतं. खालच्या तोंडाला बर (धातूची धारदार उठलेली कड) आलेली किंवा कड तुटलेली असेल तर कधीतरी कनेक्टिंग रॉड किंवा पुश रॉड तुटून आपटला होता का, हे मालकाला विचारा.

असा मार बसलेला असेल तर चीर तपासायचीच. बोअरभोवतीची जागा कोरडी करून रॉकेल लावा, थोड्या वेळाने पुसून खडूची पूड चोळा. चीर असेल तर तिच्यातलं रॉकेल पांढऱ्या पुडीवर ओली रेघ काढतं. बोअरपासून कॅमच्या बेअरिंगकडे किंवा वॉटर जॅकेटकडे जाणारी चीर दिसली की मोजमाप थांबवा. तो ब्लॉक दुरुस्तीचा राहिलेला नाही.

मोजणी

लागणारी हत्यारं: ०.०१ मिमी वाचणारा बाहेरचा मायक्रोमीटर, बोअरच्या आत उघडणारं टेलिस्कोपिक गेज, आणि जमल्यास छोटा डायल बोअर गेज. व्हर्नियर या कामाचा नाही. त्याची आतली जबडी गोल भिंतीला सपाट टेकतात आणि माप कमी दाखवतात, शिवाय बोअरच्या मध्यापर्यंत ती पोचतच नाहीत.

मे महिन्यात एक काळजी जास्त घ्यायची. मापं २० अंश सेल्सियसला धरून ठरवलेली असतात आणि आपल्याकडे दुपारी शेडमध्ये ४५ असतं. ब्लॉक आणि मायक्रोमीटर दोन्ही सारख्याच तापलेले असतील तर फार बिघडत नाही. पण ब्लॉक अंगणात उन्हात आणि मायक्रोमीटर कुलरसमोरच्या कपाटात, असं असेल तर १९ मिमीच्या बोअरमध्ये २५ अंशांच्या फरकाने अर्धा शतांश मिलिमीटर चुकतो. सकाळी, सगळं रात्रभर एकाच खोलीत ठेवून मोजा.

प्रत्येक बोअरची सहा मापं घ्यायची: वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, एकदा कॅमशाफ्टच्या लांबीला आणि एकदा त्याला आडवं. वरचं-खालचं माप अगदी काठावर न घेता पाच-सहा मिलिमीटर आत. गेज काढताना किंचित तिरकं करून सरळ करत काढलं की ते स्वतःच मध्यावर येतं. एकाच जागी दोनदा मोजून ०.०१ मिमीच्या आत तेच आलं तरच लिहा. वहीत बोअरचा नंबर, सहा आकडे, आणि त्याच्या टॅपेटच्या दांडीचं माप शेजारी.

आकडे किती असावेत हे त्या-त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्या. अंदाज यावा म्हणून सांगतो: पर्किन्सच्या घराण्यातल्या चार सिलिंडरच्या इंजिनांत बोअर पाऊण इंची, म्हणजे १९.०५ ते १९.०८ मिमी, आणि टॅपेटशी क्लिअरन्स ०.०४ ते ०.०९ मिमी, म्हणजे दीड ते साडेतीन थाउ (इंचाचा हजारावा भाग). ट्रकांमध्ये दिसणाऱ्या कमिन्सच्या बी मालिकेत बोअर १६ मिमीचा आणि वरची मर्यादा १६.०५५ मिमी. कमिन्सचं मॅन्युअल त्यापुढे ब्लॉक बदला म्हणून सांगतं.

क्लिअरन्स जास्त आला की लगेच बोअरला दोष देऊ नका. दांडी झिजली असेल तर नवं टॅपेट घालून प्रश्न मिटतो. म्हणून नव्या टॅपेटचं माप घेऊन त्याच्याशी हिशोब करा. बोअरचं वरचं आणि खालचं माप ०.०३ मिमीपेक्षा जास्त वेगळं असेल तर तोंड फाकलंय. आडवं माप जास्त आणि लांबीचं ठीक, तर नेहमीची झीज. लांबीचं माप मर्यादेबाहेर असेल तर तो बोअर तसाच बांधायचा नाही, बाकी सगळं कितीही चांगलं असो.

मायक्रोमीटरवर हात बसलेला नसेल, किंवा एकाच जातीची इंजिनं वारंवार येत असतील, तर एक सोपी युक्ती आहे. अमरावती, अकोला किंवा नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या ग्राइंडिंगवाल्याकडून कडक केलेल्या पोलादाचा दोन टोकांचा प्लग करून घ्या: एक टोक बोअरच्या कमीत कमी मापाचं, दुसरं जास्तीत जास्त मर्यादेचं. पहिलं टोक सहज गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. प्लगला ओव्हल कळत नाही, पण चाळणी म्हणून तो फार वेळ वाचवतो.

डायल गेज न लावता हाताने करायचीही एक चाचणी आहे. धुतलेल्या बोअरला इंजिन ऑईलचा हात फिरवा, नवं टॅपेट घाला. ते स्वतःच्या वजनाने सावकाश उतरलं पाहिजे, आणि दोन बोटांनी फिरवलं तर कुठेही न अडखळता फिरलं पाहिजे. धपकन पडत असेल किंवा हलवल्यावर खटखटत असेल, तर मोजलेले आकडे पुन्हा बघा.

हलका उपचार

निम्म्याहून जास्त ब्लॉकांना एवढंच लागतं. वार्निश, पुसट गंज, नखाला न लागणारे चरे असतील तर बोअरच्या मापाचा बॉल होन (बोअर आतून घासायचा गोळ्यांचा ब्रश) किंवा छोटा तीन दगडांचा होन, २४० ते ३२० ग्रेडचा, हळू वेगाच्या ड्रिलला लावून, होनिंग ऑईल किंवा रॉकेल सोडत, काही सेकंद वर-खाली. दर वेळी थांबून पुसून मोजा. शतांश मिलिमीटरच्या वर धातू जाता कामा नये. चरे पूर्ण घालवायचा हट्ट नको. दरीत ऑईल राहतं, उंचवटे तेवढे काढायचे. बोटाला पॉलिश पेपर गुंडाळून घासणाऱ्यांनी बोअर अंडाकृती केलेले मी पुष्कळ पाहिलेत.

खालच्या कडेची बर बारीक अर्धगोल कानशीने काढा आणि कड किंचित मोडा. कानस बोअरच्या भिंतीला लागू देऊ नका.

ओव्हरसाइज की बुश

बोअर मर्यादेबाहेर गेला की तीन वाटा उरतात. पहिली, कंपनी ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा जाड टॅपेट देत असेल तर बोअर त्या मापाला रीम करणं, म्हणजे रीमरने बारीक कापून मोठा करणं. सगळ्यात सरळ वाट हीच, पण मिळणं इंजिनावर अवलंबून. डीलरकडे पार्ट नंबरनिशी विचारा. लेथवर साध्या रॉडमधून टॅपेट खरादून देणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. टॅपेटचं बूड चिल्ड कास्ट आयर्नचं किंवा कडक केलेलं असतं आणि त्याची फुगी ठरलेली असते. साध्या लोखंडाचं बूड पहिल्या हंगामात कॅमसकट जाईल.

दुसरी वाट बुश, म्हणजे बोअर मोठा करून त्यात बसवलेली नवी नळी. हे मशीन शॉपचं काम आहे, पण ते नीट करून घ्यायचं तर तुम्हाला काय मागायचं ते माहीत पाहिजे.

आधी जागा आहे का ते पाहा. १९ मिमीच्या टॅपेटला साधारण २३ मिमी बाहेरच्या मापाचा बुश लागतो, म्हणजे २ मिमी भिंत. तेवढं कापल्यावर बोअरभोवती किमान ३ मिमी ओतीव लोखंड शिल्लक राहत नसेल तर मी नको म्हणतो. पुश रॉडची पोकळी, ऑईलची वाट आणि वॉटर जॅकेट किती जवळ आहे ते दोन्ही बाजूंनी चाचपा.

धातू दोन चालतात. ओतीव लोखंडाचा बुश ब्लॉकसारखाच फुगतो, त्यामुळे क्लिअरन्सचा हिशोब बदलत नाही. फॉस्फर ब्राँझ ऑईल कमी पडलं तर जास्त सोसतो, पण गरम झाल्यावर जास्त फुगतो आणि बाहेर लोखंडाने जखडलेला असल्यामुळे आतून आवळतो. ब्राँझ घेतला तर क्लिअरन्स मर्यादेच्या वरच्या निम्म्यात ठेवा. भंगारातली गनमेटलची नळी नको. तिच्यात काय मिसळलंय ते कोणालाच ठाऊक नसतं.

बोअर मोठा करताना ड्रिल चालणार नाही. ड्रिल झिजलेल्या भोकाच्या मागे जातो आणि जो वाकडेपणा घालवायचा तोच कायम करतो. उभ्या मिलिंगवर किंवा जिग बोरिंगवर, बोरिंग हेड लावूनच कापायचं. ब्लॉक बांधताना कॅमच्या बेअरिंगांतून सरळ मँड्रेल (घासून सरळ केलेला दांडा) घालून त्यावर डायल फिरवायची, कारण टॅपेटचा अक्ष कॅमशी काटकोनात पाहिजे. हेडची सपाटी हा आधार धरू नका. पुष्कळ ब्लॉकांत टॅपेट हेडच्या सपाटीला तिरके असतात. मध्य शोधायला शेजारचे न झिजलेले बोअर, किंवा त्याच बोअरचा वरचा कमी झिजलेला भाग वापरायचा. मशीनवाला "डोळ्याने जमवतो ना" म्हणाला तर ब्लॉक उचलून परत न्या.

बुशला वर पातळ कॉलर ठेवायची आणि ब्लॉकमध्ये तेवढा खाच. बुश कधी सुटलाच तर खाली सरकून कॅमवर पडणार नाही. बसवताना ०.०३ ते ०.०४ मिमी घट्टपणा पुरे. जास्त घट्ट केल्याने कास्टिंग फाटतं, बुश जास्त टिकत नाही. जोडीला बुशसाठीचं रिटेनिंग कंपाउंड पातळ लावा, पण दोन्ही पृष्ठभाग थिनरने कोरडे पुसून मगच.

बुश घालायला हातोडा लागत नाही. गावातल्या दूध डेअरीच्या किंवा किराणा दुकानाच्या डीप फ्रीझरमध्ये बुश रात्रभर ठेवा. उणे १८ अंशांवरून ४० अंशांच्या ब्लॉकमध्ये जाताना २३ मिमीचा ब्राँझचा बुश जवळपास ०.०२४ मिमी आकसलेला असतो. ब्लॉक दुपारी उन्हात ठेवला असेल तर त्याचं भोक आणखी अर्धा शतांश मोठं होतं. मे महिन्याचं ऊन एवढ्यासाठी तरी कामी यावं! बुश स्क्रूच्या ओढणीने किंवा हँड प्रेसने एका दमात बसवा, वाटेत थांबलात तर तो तिथेच फुगून अडकतो. फ्रीझरमधून काढलेल्या बुशवर दव धरतं, ते पुसून घ्या. ओतीव लोखंडाचा बुश यापेक्षा कमी आकसतो, म्हणून त्याला घट्टपणा खालच्या बाजूचाच द्या.

मूळ बोअरमध्ये ऑईलचं भोक येत असेल तर बुशमध्ये तेच भोक त्याच जागी पाडायचं. हे विसरलं जातं.

बसल्यावर बुश आतून आवळतो, म्हणून शेवटचं माप बसवल्यानंतरच. पायलट (पुढे वाट दाखवणारा गुळगुळीत दांडा) असलेला रीमर, मग होन. रीमर कधीही उलटा फिरवू नये, बाहेर काढतानाही नाही. धारा तुटतात आणि भिंतीवर खुणा पडतात. ओतीव लोखंड कोरडं, ब्राँझला थोडं ऑईल. पुन्हा सहा मापं, पुन्हा वही.

तिसरी वाट दुसरा ब्लॉक. एक-दोन बोअर गेले असतील तर बुश परवडतो. निम्म्याहून जास्त गेले असतील, किंवा त्याच ब्लॉकचे मेन बेअरिंगचे बोअर आणि लायनरच्या जागाही शंकास्पद असतील, तर बुशिंग, मजुरी आणि तालुक्याहून शहरापर्यंतच्या वाहतुकीचा हिशोब मांडून दुसरा ब्लॉक बघावा. जुना ब्लॉक घेताना हीच सहा मापं दुकानातच घ्या. दुकानदाराला कंटाळा आला तरी चालेल.

धुणं, बांधणी, पहिली चालणी

होनिंगनंतर फक्त डिझेलने धुतलेला ब्लॉक स्वच्छ नसतो. दगडाची पूड ओतीव लोखंडाच्या छिद्रांत बसते आणि डिझेल तिला नुसतं फिरवतं. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश लागतोच. पांढरं फडकं बोअरमध्ये फिरवून करडं न होता बाहेर आलं की झालं. लगेच हवा मारा, चष्मा लावून, आणि ताबडतोब ऑईलचा हात द्या. साबणाने धुतलेलं लोखंड बघता-बघता तांबूस होतं.

नवा कॅम असेल तर सगळी टॅपेट नवी. कॅम जुना पण चांगला असेल तर नवी टॅपेट चालतात. जुनी टॅपेट जुन्याच लोबवर, आपापल्या नंबरला. बुडाला आणि लोबला मॉलिब्डेनमची असेंब्ली पेस्ट, दांडीला इंजिन ऑईल. कॅम बसवल्यावर प्रत्येक टॅपेटवर मार्करने रेघ ओढून कॅम हाताने फिरवा. रेघ सरकताना दिसली पाहिजे. एखादी सरकत नसेल तर अजून वेळ गेलेली नाही, ते टॅपेट काढून बोअर पुन्हा बघा.

हेड बसवून गॅप थंड इंजिनावर, प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाला. कित्येक इंजिनांत तो ०.३० मिमी, म्हणजे १२ थाउ असतो, पण इनलेट-एक्झॉस्ट वेगळे असलेली इंजिनंही आहेत.

पहिल्यांदा चालू केल्यावर इंजिन आयडलला सोडून चहाला जाऊ नका. कमी वेगात लोबच्या टोकावर स्प्रिंगचा दाब पूर्ण पडतो आणि उडणारं ऑईल कमी असतं, म्हणजे नव्या टॅपेटला सगळ्यात वाईट वेळ तीच. ऑईल प्रेशर आलं की मिनिटाला १२०० ते १५०० फेऱ्यांच्या दरम्यान वेग धरून पंधरा-वीस मिनिटं चालवा, वेग थोडा कमी-जास्त करत. रॉकर कव्हर उघडं ठेवून पाहिलंत, ऑईल थोडं उडेल, तर पुश रॉड फिरताना दिसतात. सगळे सारख्या वेगाने फिरणार नाहीत, पण एकही स्थिर नसावा.

पहिलं ऑईल आणि फिल्टर ५० तासांत बदला, फिल्टर कापून आतली घडी चुंबकाने तपासा. त्याच वेळी हेड मॅन्युअलप्रमाणे टाईट करून गॅप पुन्हा मोजा आणि प्रत्येक व्हॉल्व्हचा आकडा वेगळा लिहा. सगळेच थोडेथोडे बदलले असतील तर भाग आपापल्या जागी बसलेत. एकट्याचाच गॅप ०.०५ मिमीने वाढला आणि पुढच्या ५० तासांत तोच पुन्हा वाढला, तर पेरणी थांबेल म्हणून ट्रॅक्टर तसाच जुंपू नका. त्या लोबची उचल डायलने मोजा, कारण या टप्प्यावर बहुधा एका टॅपेटवरच भागतं.